माउस आणि सातवी सूचना

पाटोदा,
११ नोव्हेंबर

प्रिय संगीता,

पाकिटावर मी 'सौ. सत्यशीला' असंच लिहिलंय. संगीता लिहिलं असतं तर उमापूरच्या पोस्टमनने पत्र परत पाठवलं असतं. पण पाकीट फोडल्यावर तू माझीच, म्हणून आत संगीता. तुझं एक पत्र सव्वीस वर्षांपासून माझ्याकडे आहे, दोन पानी, निळ्या शाईचं. त्याचं उत्तर द्यायला मी आज दुपारी दुकानात बसले आहे. एवढ्या उशिरा उत्तर देणारी बाई अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही, हे मान्य. व्हॉट्सअॅपवर का लिहिलं नाहीस म्हणशील, तर तुझा फोन तुमच्या घरात पाच जण उघडतात, आणि हे आधी तू एकटीने वाचावंस असं मला वाटतं.

आधी फोनचं बोलू. मागच्या आठवड्यात मी तुला सांगितलं की अमरसिंहच्या लग्नाची एक्कावन्न भांडी पुसून मांडून ठेवली आहेत, पण नावं घालायला वेळ लागेल, कारण माउस बिघडलाय.  तू म्हणालीस, "परत माउसच का गं, शाई?" आणि हसलीस. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर मी भांडी पुन्हा मोजत बसले. लग्न तीन आठवड्यांवर आलंय. मुलीकडून काही घ्यायचं नाही, भांडी आम्हीच करणार, असं तू ठणकावून सांगितलंस हे ऐकून मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. आणि त्या भांड्यांवर नाव घालायची वेळ आली तर माझं तेच जुनं रडगाणं! तेव्हा खुदाची शपथ घेऊन सांगते, या वेळी माउस खरोखर बिघडला होता. कसा बिघडला आणि कसा सुधारला ते सगळं सांगते. ऐकून तुलाच मजा वाटेल, कारण या बाबतीत गुरू तूच.

बीडचा तो कॉम्प्युटर क्लास आठवतो ना? एका मशीनला दोघी, एका स्टुलावर अर्धी तू, अर्धी मी. तू नेकनूरहून यायचीस, मी पाटोद्याहून, आणि मांजरसुंब्याच्या फाट्यावर तुझी एसटी आधी आली तर तू ती सोडून माझ्यासाठी थांबायचीस. अब्बांचा कलईचा धंदा तेव्हा संपतच आला होता. घरोघरी स्टील शिरलं होतं. त्यांनी हे भांड्यांचं दुकान टाकलं आणि औरंगाबादच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून ते भांड्यांवर नाव कोरायचं सुईचं मशीन उचलून आणलं. मशीनला इंग्रजीच यायचं. सरस्वतीबाईचं नाव इंग्रजीत घातलेली कळशी पाटोद्यात कोण घेणार? तू तीन महिने बसून 'नाव' नावाचा प्रोग्राम लिहिलास. पडद्यावर माउसने नाव काढायचं, डाव्या बटणाने ठिपका, उजव्याने सुई उचलायची, आणि मधलं बटण दाबलं की नाव कायमचं जपून ठेवलं जायचं. पहिलं नाव तू तुझंच काढलंस. कळशीवर ते टकटक करत उमटलं तेव्हा अब्बा म्हणाले, "पोरीनं सुईला लिव्हायला शिकवलं बग." ते तुझं पहिलं 'संगीता' अजून यादीत सगळ्यात वर आहे.

आता बीडला लेझरवाले झालेत. दोन मिनिटांत नाव घालून देतात, पण सगळ्यांचं अक्षर एकसारखं, सरकारी फलकासारखं. आमच्याकडे अजून भिवराबाईसारख्या बाया येतात आणि म्हणतात, "मला ते हातानं काढल्यालं नाव पाह्यजे, ठोकळ्यावानी न्हाई." म्हणून तो कॉम्प्युटर, तो डॉस, तुझा प्रोग्राम, सगळं जसंच्या तसं ठेवलंय. वर प्लास्टिक झाकते, उन्हाळ्यात ओला कपडा फिरवते. आरजू पुण्याहून आली की म्हणते, "अम्मी, हे संग्रहालयात दे, चांगलं नाव होईल तुझं." मी म्हणते, नावं करायचाच तर माझा धंदा आहे.

तर तो जुना माउस, गोळीचा, तीन बटणांचा, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेला. पडद्यावरचा बाण कोपऱ्यात जाऊन बसला तो हलेचना. तेव्हा मी कपाटातून तुझं पत्र काढलं. तुला वाटत असेल ते मी कधीच हरवलं. नाही बाई. माउस दुरुस्तीच्या तुझ्या सात सूचना मला तोंडपाठ आहेत, तरी समोर ठेवूनच एकेक करत गेले. गोळी साबणाने धुतली. आतल्या दोन रुळांवरचा मळ नखाने काढला, केवढा निघाला म्हणून सांगू! मागची पिन काढून पुन्हा बसवली, स्क्रू आवळले. दुसऱ्या पोर्टात लावून पाहिला. चालू होताना पडद्यावर काय संदेश येतो तो वहीत उतरवून घेतला. संदेश एकच, माउस सापडला नाही. आमचे हे, जावेद, ट्रॅक्टरचं इंजिन सोडून आले आणि त्यांनी माउस खोलून आतली वायर तपासली. पाच मिनिटांत निकाल दिला, "हे मेलं. ह्याला दफन कर." आयुष्यभर इंजिनं उघडणाऱ्या माणसाने असं म्हटल्यावर मी काय बोलणार.

बीडला चार दुकानं पालथी घातली. सगळीकडे ते चपट्या पिनचे माउस, मध्ये चाक असलेले. आपल्या कॉम्प्युटरला चपटं छिद्रच नाही. शेवटी एका भंगारवाल्याच्या पोत्यातून गोल पिनचा एक निघाला, त्यालाही चाक. आपल्या मशीनला मागे गोल पिनच्या दोन जागा आहेत हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं, कारण एकीवर अब्बांनी चिकटवलेली दुकानाच्या उद्घाटनाची तारीख होती. मी मोठ्या उत्साहात माउस लावला तो कीबोर्डच्या जागी, आणि कीबोर्ड माउसच्या. मग माउस चालेना आणि कीबोर्डही चालेना, आणि मी अर्धा तास जावेदना दोष देत बसले.

जागा बदलली तरी बाण दिसेना, कारण जुन्या ड्रायव्हरला गोल पिनचा माउस ओळखता येत नाही. आरजूने इंटरनेटवरून एक ड्रायव्हर शोधला. केवढा, तर आपल्या वहीच्या चार पानांत लिहून होईल एवढा. पण तो या मशीनमध्ये न्यायचा कसा? फ्लॉपीवरून. तिने पुण्यात कुठूनसं फ्लॉपीचं बाहेरून लावायचं यंत्र मिळवलं आणि एसटीच्या पार्सलने पाठवलं. माझ्याकडच्या अकरा फ्लॉप्यांपैकी दहांना बुरशी. अकरावी चालली. तिच्यावर तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'शाई, ही पुसू नकोस.' माफ कर, पुसली. तुझ्या क्लासच्या नोट्स आधी उतरवून घेतल्या.

ड्रायव्हर चढला, बाण दिसला, मी टाळ्या वाजवल्या. आणि बाण टोळासारखा उड्या मारायला लागला. इकडून तिकडे, तिकडून गायब. तीन दिवस मी ड्रायव्हरच्या खोड्या काढत होते. हा काढ, तो घाल, वेग कमी कर, वेग वाढव. आरजू फोनवर म्हणे ड्रायव्हर ठीक आहे, मी म्हणे तुला काय कळतंय, तू डॉसनंतर जन्मलीस. मग जावेद जेवणाचा डबा घेऊन आले, त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि पोट धरून हसायला लागले. मी वर्षानुवर्षं माउस उलट्या परातीवर चालवते, तुला माहीत आहे, गोळीच्या माउसला तेवढीच सपाट जागा दुकानात मोकळी असते. त्यावर मी एक फडकं घालायची, ते दिवाळीच्या साफसफाईत धुवायला गेलं होतं. या नव्या माउसच्या पोटात लाल दिवा आहे आणि परात चकचकीत घासलेली. "अगं, त्याला आरशात सोडल्यावर ते काय करंल?" म्हणाले. त्यांनी गल्ल्यावरून हाताला लागलेला पहिला कागद त्याच्याखाली सारला. बाण शहाण्यासारखा चालायला लागला. तो कागद म्हणजे तुझ्या अमरसिंहची लग्नपत्रिका होती. त्यावर नवरीचं नाव छापलंय, चि. सौ. कां. योगेश्वरी. आंबाजोगाईची मुलगी, तिथल्या देवीचंच नाव. तेव्हापासून ती पत्रिका माउसखालीच आहे, आणि दिवसभर बाण हलवताना मला ते नाव दिसत राहतं.

इथवर येऊनसुद्धा काम होईना. नाव काढता येई, ठिपका पडे, सुई उचलली जाई, पण जपून ठेवायचं मधलं बटणच नव्हतं. मधे ते चाक. मी ते पुढे फिरवलं, मागे फिरवलं, दाबलं, विनवण्या केल्या. काही नाही. एक नाव सहा वेळा काढलं आणि सहा वेळा गेलं. आरजूने मग मला नीट समजावलं. डॉस जन्मला तेव्हा माउसला चाक नव्हतंच, त्यामुळे चाक म्हणजे काय ते त्याला ड्रायव्हरने सांगावं लागतं, आणि फिरवलेलं समजायला प्रोग्रामनेही ते विचारावं लागतं. तू 'नाव' लिहिलास तेव्हा चाक होतं कुठे, म्हणून तुझा प्रोग्राम ते विचारतच नाही. आणि पहिला ड्रायव्हर फक्त दोन बटणं मोजणारा होता. तिने दुसरा पाठवला, तीन बटणं आणि चाक ओळखणारा. तोही चालेना, कारण पहिला आधीच आत जाऊन बसलेला. म्हणजे सुरुवातीच्या फाइलमध्ये पहिल्या ड्रायव्हरच्या ओळीपुढे रेम लिहायचं होतं. रेम लिहिलं की ओळ असते, कॉम्प्युटर तिच्याकडे बघतो, पण ती करत नाही. तुझी सहावी सूचना या रेमचीच होती, 'ऑटोएक्झेक फाइल उघडून माउसची ओळ आहे का बघ, तिच्यापुढे कुणी रेम तर लिहिलं नाही ना.'

आरजूने चाक समजणारा एक छोटा एडिटर पाठवला होता, त्यात मी ती फाइल उघडली. व्हिडिओ कॉलवर ती बघत होती. चाक फिरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा डॉसमध्ये पान सरसर वर गेलं. संगे, काय सुख आहे म्हणून सांगू! आणि त्या फाइलमध्ये जागोजागी तुझी बडबड. रेम लिहून पुढे इंग्रजी अक्षरांत मराठी, 'शाई इथे हात लावू नकोस', 'शाई चहा सांडू नकोस'. मी आणि आरजू हसून हसून बेजार. मग सगळ्यात खाली एक ओळ आली, जुन्या माउसच्या ड्रायव्हरची, तिच्यापुढे रेम, आणि खाली पुन्हा तीच ओळ रेमशिवाय. आरजूने विचारलं, "अम्मी, चांगली चालणारी ओळ कुणी बंद केलती?" मी म्हटलं, असेल काहीतरी. तिने जास्त खोदलं नाही. मी आरजूच्या पहिल्या ड्रायव्हरच्या ओळीपुढे रेम लिहिलं, मशीन बंद करून चालू केलं, एक नाव काढून चाक दाबलं आणि ते यादीत जाऊन बसलं.

म्हणजे गेल्या शुक्रवारपासून माउस ठणठणीत आहे. तरी मी भांड्यांना हात लावलेला नाही. तू पाठवलेली चिठ्ठी समोर आहे, 'राजनंदिनी, एक्कावन्न नग.' चमच्यावर ते मावायचं नाही हा भाग वेगळा. मी आधी समजले चिठ्ठी केसरबाईंनी लिहवून घेतली असेल, आणि मनातल्या मनात तुझ्या सासूशी दोनदा भांडूनही घेतलं. मग अक्षर नीट पाहिलं. ते अक्षर मी रोज सुईखाली बघते, मला कोण फसवणार? सुनेचं हे नवं नाव तूच ठरवलंस. तुझ्यावर रागवायचा मला काय हक्क, पण वाईट वाटलं, ते लपवत नाही. आणि एक गंमत सांगते. उन्हाळ्यात जावेद उमापूरला तुमच्या शेजारी पंप दुरुस्त करायला गेलते. पाणी प्यायला तुमच्याकडे गेले, तू घरी नव्हतीस. केसरबाईंनी स्वतः तांब्या आणून दिला. त्यावर 'संगीता' होतं. जावेदनी मुद्दाम विचारलं, संगीता कोण? म्हाताऱ्या म्हणाल्या, "आमची सूनच की. लई चांगलं पाणी राहतं बगा ह्याच्यात." तुझ्या लग्नातली, माळ्यावर कुलपात गेलेली ती भांडी खाली कधी आली, कुणी आणली, तू मला कधी बोलली नाहीस.

आता ते सांगते ज्यासाठी एवढं लांबण लावलं. तुझ्या लग्नाच्या आधी आठ दिवस तुझे बजरंगदादा नेकनूरहून नव्या नावाची चिठ्ठी घेऊन आले होते, सासरकडच्यांनी भांड्यांवर सत्यशीला घालायला सांगितलंय म्हणून. मी त्यांना चहा दिला आणि आत जाऊन त्या ओळीपुढे रेम लिहिलं. मग त्यांना पडद्यावरचा मेलेला बाण दाखवला आणि म्हटलं, दादा, नवीन नाव काढता येत नाही, यादीतलं जुनंच घालावं लागेल. दादा भले माणूस, म्हणाले, "मंग संगीता तं संगीता." दोन दिवस मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नकोस. माझी मैत्रीण पुसायला निघालेत, मी पुसू दिली नाही, असं वाटायचं. तुला काय हवंय ते मात्र मी विचारलंच नाही. भर मांडवात सासरच्यांचं "हे कुणाचं सामान हाय?" हे तू ऐकून घेतलंस, मी नाही. तू बूथवरून फोन करून "कावून असं झालं गं?" विचारलंस तेव्हा मी माउसचं नाव पुढे केलं. आणि तू, लग्नाला महिना झालेली, सासरी धड पेन मागायची सोय नसलेली, मला माउस दुरुस्त करायच्या सात सूचना लिहून पाठवल्यास! सहावी वाचली आणि मी पत्राची घडी घालून ते कपाटात ठेवून दिलं. तुला कळलं होतं का गं? सातवीत लिहिलंस, 'एवढं करूनही चालला नाही तर कळव, मी कसंही करून येते.' मी कळवलं नाही, कारण बिघडलंच काही नव्हतं. माझं चुकलं, संगीता. मला माफ कर. या वेळी मी माझ्या मनाने योगेश्वरी घालणार नाही, आणि तुझ्या मनाने राजनंदिनीही. रविवारी त्या मुलीला घेऊन ये. पत्रिका माउसखालीच आहे, स्टुलावर तिला बसव, तिला जे हवं ते नाव तिच्या हाताने काढू दे आणि चाकही तिलाच दाबू दे. हे माझं सातव्या सूचनेचं उत्तर समज. माउस चालू आहे. तेव्हाही चालूच होता.

तुझीच, स्टुलाच्या डाव्या अर्ध्यावरची,
शाईस्ता